नांगर न फिरलेली जागा

प्रेमराज नाना सोनवणे आयुष्यात तीनदा कचेरीची पायरी चढले होते आणि तिन्ही वेळा दारातूनच "माफ करा, चुकून आलो" म्हणून परतले होते. चौथ्या वेळी मात्र त्यांना आत जाऊन उभं राहावं लागलं, कारण त्यांना परवानगी हवी होती. कसली, तर बघण्याची.

"झाडं लावायची आहेत?" कारकुनाने विचारलं.

"नाही."

"तोडायची आहेत?"

"छे छे!"

"मग?"

"बघायची आहेत," नाना म्हणाले आणि हे बोलताना आपण काहीतरी अशोभनीय बोललो की काय असं वाटून त्यांनी उगाच टोपी नीट केली.

कारकुनाने चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. "बघा ना मग. कोणी धरलंय का तुम्हाला?"

"नाही, पण तिथे नंबराच्या काठ्या रोवायच्या आहेत. आणि मंडळाला जागेच्या मालकाचं, म्हणजे तुमच्या कचेरीचं पत्र लागतं."

"आजोबा, लावण्याचा नमुना आहे, तोडण्याचा आहे, फांद्या छाटण्याचाही आहे. बघण्याचा नमुना वरून आलेला नाही."

खरं तर प्रकरण साधं होतं. धुळ्याच्या एका निसर्गमंडळाने ठरवलं होतं की खान्देशातल्या रानटी झाडाझुडपांची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ते दसरा अशी नोंद करायची. ज्याला हौस असेल त्याने आपल्या घराजवळची एक पडीक जागा निवडावी, तिथली वीस रोपं ठरवावीत आणि दर आठवड्याला कोणाला पान फुटलं, कोणाला कळी आली, कोण वाळलं हे लिहावं. सलग तीन आठवडे नोंद चुकली तर जागा रद्द. दसऱ्यानंतर मंडळ याची पुस्तिका छापणार होतं आणि पुस्तिकेत निरीक्षकांची नावं येणार होती.

या शेवटच्या वाक्यापाशी नानांचा जीव अडकला होता.

दोंडाईच्याच्या एका शाळेत नाना चौतीस वर्षं ग्रंथपाल होते. तेवढ्या काळात त्यांनी अकरा हजार पुस्तकांवर शिक्के मारले, फाटक्या पाठी खळीने चिकटवल्या, आणि रोज संध्याकाळी कपाटं लावताना हजारो लोकांची छापील नावं वाचली. एकाही पुस्तकात त्यांचं नाव नव्हतं. एकदा शाळेतल्याच एका गुरुजींनी पुस्तक लिहिलं. त्याचे संदर्भ नानांनी दोन वर्षं शोधून दिले होते. पुस्तक आलं तेव्हा ऋणनिर्देशात मुख्याध्यापक होते, शिपाई होता, शाळेच्या आवारातला कडुनिंबही होता. नाना नव्हते. त्यांनी ते पुस्तक नोंदवून घेतलं, शिक्का मारला, आणि तो नेहमीपेक्षा जरा वाकडा पडला एवढंच.

तेव्हा कॉलनीच्या मागची मोकळी जागा आणि ही वीस रोपं म्हणजे नानांना मिळालेली पहिली आणि, वय बघता, शेवटची संधी होती.

कचेरीत त्यांना पाच खेपा पडल्या. कारकून मनाने वाईट नव्हता. पाचव्या खेपेला त्याने 'इतर' नावाच्या फायलीत अर्ज बसवला आणि पत्र दिलं. पत्रात सहा अटी होत्या. चौथी अशी: 'जागेच्या पूर्वापार वापराबाबत ठळक फलक दर्शनी भागी लावण्यात यावा.' ही अट मूळची कुठल्या कामासाठी होती ते देव जाणे. पण नाना नियमातला माणूस. वाचनालयात 'शांतता राखा' ही पाटी स्वतःच लावून पुढे चौतीस वर्षं ती स्वतःच पाळलेली.

पूर्वापार वापर कोणाला विचारायचा? जागेत रोज येणारी एकच व्यक्ती होती. धुरपदाबाई. ती विळा घेऊन म्हशीसाठी चारा कापायला यायची. नाना तिला घाबरत. तिच्या विळ्याखाली आपलं एखादं रोप जाईल अशी त्यांना रोज धास्ती वाटे, पण 'बाई, जरा जपून' एवढे तीन शब्द दोन महिने त्यांच्या घशाखालून वर आले नव्हते. त्या दिवशी मात्र त्यांनी विचारलं.

"अक्का, इथे आधी काय होतं?"

"आठे? काहीच नही," धुरपदाबाई म्हणाली.

"म्हणजे शेती, नांगरणी वगैरे?"

"कसाना नांगर, नाना! चौदा वरीस व्हई ग्यात, बैलनं खूर नही लागनं आठे." मग ती त्यांच्या वहीकडे मान करून म्हणाली, "तुम्ही रोज काय देखी ऱ्हायनात आठे? कोनी काही गाडेल शे का?"

"नाही नाही. झाडं बघतो."

धुरपदाबाईने जागेकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं, आणि "बरं शे" म्हणून पुन्हा कापायला बसली. या 'बरं शे'वर नानांनी पुढे चार दिवस विचार केला.

फलक तयार झाला. हिरव्या पत्र्यावर पांढरी अक्षरं, नानांच्या सुवाच्य हातातली: 'या जागेवर गेली चौदा वर्षे नांगर, वखर अथवा बैल फिरलेला नाही.' वाक्यात एकही चूक नव्हती. पुढे जे घडलं ते त्या वाक्याच्या खरेपणामुळेच घडलं.

पण त्याआधी योगेंद्रभाऊंबद्दल सांगायला हवं. योगेंद्रभाऊ म्हणजे नानांचे शेजारी. दीपनगरच्या वीज केंद्रात आयुष्य काढून निवृत्त झालेले, आणि जगातलं कुठलंही काम तिथल्या पद्धतीने केलं तर सुरळीत होईल अशा ठाम मताचे. श्रावणात एका सकाळी ते हातात दात घासायचा ब्रश घेऊन जागेवर आले आणि काठ्यांवरचे आकडे बघून हळहळले.

"नाना, हे काय? नुसते आकडे?"

"मंडळाने आकडेच सांगितलेत."

"आकड्यावरून कोणाला काय कळणार? आमच्या दीपनगरला साधा एवढासा व्हॉल्व्ह असला तरी त्यावर नावाची पाटी. पाटी नसली की अपघात. पाटी असली की प्रश्नच नाही."

"पण इथे कसला अपघात होणार?"

"अपघात सांगून होतो का?" योगेंद्रभाऊंनी विचारलं.

आठ दिवसांत योगेंद्रभाऊंनी स्वतः पत्रे कापून एकोणीस पाट्या आणल्या. माका. आघाडा. धोत्रा. डोरली. विष्णुकांता. रुई. दुर्वा. कुर्डू. तांदूळजा. केना. तरोटा. घोळ. असं करत एकोणीस. विसावी पाटी नव्हती, कारण सतरा नंबरच्या रोपाचं नाव नानांना माहीत नव्हतं. घरातली तीन पुस्तकं उलथीपालथी करूनही सापडलं नव्हतं. त्या काठीवर नुसताच १७ राहिला, आणि तो रोज सकाळी नानांकडे 'तुम्हाला काहीच येत नाही' अशा नजरेनं बघायचा.

बाकी मात्र ते दिवस फार सुखाचे गेले. नाना पहाटे उठत, वही आणि भिंग घेऊन जात. केना नावाचं रोप सकाळी निळं इवलंसं फूल उघडतं आणि ऊन चढलं की मिटून घेतं, हे त्यांनी सत्तराव्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं आणि त्यांना आपल्या जातीचं कोणीतरी भेटल्यासारखं वाटलं. तरोट्याची पानं संध्याकाळी जोडीजोडीने हात जोडतात. आघाड्याचा तुरा आज बोटभर, तर रविवारपर्यंत वीतभर. ते घरी येऊन हे सगळं सुलक्षणाबाईंना सांगत. सुलक्षणाबाई कणीक मळता मळता ऐकत. बेचाळीस वर्षांच्या संसारात नवरा सलग पाच वाक्यं बोलतोय, याचंच त्यांना एवढं अप्रूप वाटलं की एक दिवस त्या स्वतः जागेवर गेल्या, मोबाइलवर एकेका पाटीचे फोटो काढले आणि कॉलनीच्या महिलांच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, 'आमच्या ह्यांनी केलं. सगळ्यांनी एकदा बघून या.'

त्या दिवशी तारीख होती हरतालिकेच्या आदल्या दिवसाची.

आता शहरवजा गावात राहणाऱ्या बायकांची पत्रीची अडचण पुरुषांना कळायची नाही. हरतालिकेला पानं लागतात, दुसऱ्या दिवशी गणपतीला एकवीस प्रकारची लागतात. बाजारात गवताची जुडी बांधून 'घ्या, सगळी आहेत यात' म्हणून देतात. त्यात आघाडा कुठला आणि गाजरगवत कुठलं हे विकणारीलाही ठाऊक नसतं, घेणारीलाही नसतं. दोघीही देवावर सोडून मोकळ्या होतात. आणि इथे, घरापासून दोनशे पावलांवर, एकेक रोप जागेवर उभं, शेजारी नावाची पाटी, अक्षर सुवाच्य.

हरतालिकेला नानांना ताप होता म्हणून ते गेले नाहीत. चतुर्थीला गेले तेव्हा आघाडा नव्हता. म्हणजे काठी होती, पाटी होती, पाटीशेजारी वीतभर बुडखा होता. धोत्र्याचं एक पान शिल्लक होतं, तेही किडकं म्हणून. दुर्वांच्या जागी नुसती माती. विष्णुकांतेची वेल काठीसकट गेली होती. नाना तिथे उभे असतानाच समोरच्या घरातली, बँकेत नोकरीला असलेली दिपमाला लगबगीने आली, वाकून माका उपटला आणि नानांकडे बघून गोड हसली.

"काका, किती छान सोय केलीत हो! दरवर्षी मला माका म्हणून कोणीही काहीही द्यायचं."

नाना काय म्हणाले? ते म्हणाले, "असू दे, असू दे." आणि अजून एक पान तिच्या हातून खाली पडलं होतं, ते उचलून दिलं.

दोन दिवसांत सात रोपं गेली. 'उरली तेरा,' नानांनी वहीत लिहिलं आणि मनाची समजूत घातली की पत्रीचा सण संपला. समजूत चुकीची होती. तिसऱ्या दिवशी ऋषिपंचमी होती.

ऋषिपंचमीला बायका उपास करतात आणि बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. नांगरलेल्या जमिनीतलं धान्य नाही की भाजी नाही. आपोआप उगवलेलंच हवं. दरवर्षी यावर घरोघरी शंका निघतात: ही भाजी खरंच न नांगरलेल्या जागेची का? बाजारातल्या बाईचा काय भरवसा? आणि कॉलनीच्या मागे तर हिरव्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरात, सरकारी परवानगीने, लेखी हमीच लावलेली. चौदा वर्षं. नांगर, वखर अथवा बैल.

शेजारच्या दोन कॉलन्यांतूनही बायका आल्या.

दुपारी नाना घरी जेवायला बसले. भगरीबरोबर हिरवी भाजी होती. त्यांनी दोन घास खाल्ले. तिसऱ्या घासाला थांबले.

"ही कसली भाजी?"

"खा ना. चांगली झालीय की," सुलक्षणाबाई म्हणाल्या, पण नजर ताटावरच ठेवून.

"सुलक्षणा."

"थोडा तांदूळजा आहे. थोडा केना आहे. कुर्डूचे शेंडे आहेत. आता सगळ्याच नेत होत्या, मग म्हटलं दुसरीने नेण्यापेक्षा आपलं आपल्याच घरात..."

नानांनी घास तोंडात तसाच ठेवून हिशोब केला. ते आठ, नऊ आणि दहा नंबर खात होते. आणखी लाजिरवाणी गोष्ट अशी, की भाजी खरोखरच उत्तम झाली होती. त्यांनी ती संपवली. मग ते आतल्या खोलीत गेले, एक पुस्तक उघडलं आणि ते उलटं धरलंय हे संध्याकाळपर्यंत त्यांच्या ध्यानात आलं नाही.

त्यांनी हे कोणाला सांगितलंही नसतं. पण सुलक्षणाबाईंना उलटं पुस्तक दिसलं. त्यांनी ते सुनंदाबाईंना, म्हणजे योगेंद्रभाऊंच्या पत्नीला सांगितलं. सुनंदाबाईंनी योगेंद्रभाऊंना सांगितलं. आणि योगेंद्रभाऊ कॉलनीच्या गणेशोत्सवाचे अध्यक्ष होते, म्हणजे त्यांच्या हातात माइक होता.

आरती संपल्याबरोबर भोंगा गरजला: "लक्ष द्या, लक्ष द्या. आपले प्रेमराज नाना यांची काही रोपं मोकळ्या जागेतून गेलेली आहेत. क्रमांक एक माका, क्रमांक दोन आघाडा, क्रमांक तीन धोत्रा... ज्या ज्या भगिनींनी नेली असतील त्यांनी ती मंडपात आणून जमा करावीत. नाव विचारलं जाणार नाही. नाना आत्ता अन्न घेत नाहीत."

हे शेवटचं साफ खोटं होतं. नाना त्या क्षणी साबुदाण्याची खिचडी खात होते. त्यांना घामच फुटला. खिडकी लावली तरी भोंगा ऐकू येत होता. आपलं नाव एवढ्या मोठ्या आवाजात त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं ते असं.

नऊ वाजायच्या आत दारात बायका जमल्या. एकीने गणपतीपुढचं निर्माल्य परडीत आणलं होतं. "यातला धोत्रा तुमचा, नाना. बाकीचं बाजारचं आहे." दुसरी रडवेली झाली होती. तिच्याकडचा गणपती दीड दिवसाचा. "नाना, दोन नंबर विसर्जन झाला हो." दिपमालाने माक्याचं वाळलेलं रोप पाण्याच्या ग्लासात घालून आणलं होतं. ऋषिपंचमीवाल्या मात्र रिकाम्या हाताने आल्या. त्यांच्या बाजूने बोलण्यासारखं काही नव्हतं.

नाना दाराआडून म्हणाले, "असू दे, असू दे."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जागेकडे जाणं सोडलं. बाजाराला जायचं तर मोठा वळसा घालून, शाळेच्या बाजूने. मंडळाला पत्र लिहायला घेतलं: 'माझ्या हलगर्जीपणामुळे...' मग वाटलं हलगर्जीपणा हा शब्द पुरेसा नाही. दुसरा मसुदा 'माझ्या अपात्रतेमुळे' असा सुरू झाला. तिसऱ्यात त्यांनी मंडळाच्या अमूल्य वेळेबद्दल माफी मागितली, चौथ्यात कागदाबद्दल. सहाव्या मसुद्यापर्यंत पत्र इतकं नम्र झालं की ते कोणत्या कामाबद्दल आहे हेच त्यात उरलं नाही. म्हणून ते टाकलं गेलं नाही. पहिला आठवडा गेला. गणपती गेले. दुसरा गेला. पितृपक्षाचा तिसरा सरत आला. वहीत तीन पानं कोरी, म्हणजे जागा रद्द. रद्द म्हणजे नाव नाही. नानांनी वही कपाटात ठेवली आणि सवयीने कपाट नीट लावलं.

चौथ्या आठवड्याच्या बुधवारी दारात एक स्कूटर थांबली. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली रोशनी नावाची मुलगी, मंडळाची कार्यकर्ती. तिच्या खांद्याला पिशवी होती, पिशवीत फॉर्म.

"नाना, पाहणीला आले. जागा दाखवता?"

"ताई, बसा. चहा घ्या," नाना म्हणाले. "चहा घ्या आणि जा. दाखवण्यासारखं काही नाही. चूक माझी आहे."

"अहो, पण बघू तर द्या!"

एवढ्यात योगेंद्रभाऊ कुंपणावरून म्हणाले, "पाहणी? मग इथे काय बसलात? चला!" आणि चहा ओठाला लागायच्या आत त्यांनी दोघांना रस्त्यावर आणलं. नाना मान खाली घालून चालत होते. जागा आली तेव्हा त्यांनी आधी फक्त चपला पाहिल्या. दहा-अकरा बायकांच्या चपला. मग वर पाहिलं.

आघाड्याच्या बुडख्याला चारी बाजूंनी फुटवे आले होते. तांदूळजा गुडघाभर. खुडलेल्या कुर्डूला एका शेंड्याऐवजी पाच शेंडे, आणि पाचांवर गुलाबी-पांढरे तुरे. तरोट्याला शेंगा. दुर्वा तर अशा माजल्या होत्या की जणू इथे कधी कोणी आलंच नव्हतं. आणि काठ्यांशेजारी बायका, कोणी एका काठीशी तर कोणी दोन काठ्यांच्या मध्ये, परीक्षेच्या बाकाशेजारी उभं राहावं तशा.

"क्रमांक दोन," सुनंदाबाईंनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून वाचायला सुरुवात केली. "गेल्या बुधवारी, सकाळी सहा चाळीस. नवे फुटवे चार. त्याआधीच्या बुधवारी दोन. एक किडीने खाल्ला होता, मी कडुनिंबाचं पाणी मारलं."

"पाणी मारायचं नव्हतं," नाना पुटपुटले.

"क्रमांक एक," दिपमाला म्हणाली. "बँकेत जायच्या आधी रोज बघते, काका. बियांपासून नवा माका आला. दोन फुलं."

"दोन नाही, एक फूल आणि एक कळी," पलीकडची म्हणाली.

"ग्रुपवर फोटो आहे, बघ की!"

"फोटोत फूल दिसतंय ते तीन नंबरकडचं वाकून आलंय!"

भोंग्याच्या त्या संध्याकाळी सगळ्यांना इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, की जिने जे नेलं तिने ते सांभाळायचं, असं ग्रुपवर ठरलं होतं. तीन आठवडे, दर बुधवारी, फोटोसकट. नानांच्या फोनवर ग्रुप नव्हता. तो फोन फक्त वाजायचा.

"मला का सांगितलं नाहीस?" नानांनी सुलक्षणाबाईंना हळूच विचारलं.

"सांगू कधी? जागेचं नाव काढलं की तुम्ही पुस्तक उलटं धरून बसायचात. मला कळेना, सांगावं की पुस्तक सरळ करावं."

रोशनी भराभर लिहीत होती. मान वर करून म्हणाली, "नाना, नोंद तुटलेलीच नाही. तीन आठवडे पूर्ण आहेत. जागा मंजूर!"

योगेंद्रभाऊंनी टाळ्या वाजवल्या. नानांना आपले हात कुठे ठेवावेत कळेना.

"फक्त एक आहे," रोशनी म्हणाली. "ज्यांनी या तीन आठवड्यांत प्रत्यक्ष पाहिलं त्यांचीच नावं निरीक्षक म्हणून लागतील. तसा नियम आहे. नाना, तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्हीच लिहा. तुमचंही घाला. बाकी सगळी नोंद तुमचीच आहे, तुमच्याबद्दल मी बघते."

फॉर्मवर बारा ओळी होत्या. नाना काठीवरच्या पाटीवर फॉर्म टेकवून लिहू लागले. सुनंदाबाई पुढे सरकल्या म्हणून त्यांचं नाव पहिलं. मग दिपमाला. मग एकेक. नाना प्रत्येकीला विचारत होते, "शुद्धलेखन कसं, पहिली वेलांटी की दुसरी?" सुलक्षणाबाईंचं त्यांनी न विचारता लिहिलं, सातव्या ओळीवर. अकरा नावं झाली. बाराव्या ओळीवर पेन टेकला. चौतीस वर्षं आणि पाच महिने यांच्यानंतर आता फक्त एक ओळ होती, ती रिकामी होती आणि पेन त्यांच्याच हातात होता.

"सतरा नंबर कोणाचा?" रोशनीने विचारलं. "त्याची नोंद नाही आली."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. सतरा नंबरला पाटी नव्हती, म्हणून तो कोणी नेला नव्हता. कोणी नेला नव्हता म्हणून कोणाच्या वाट्याला आला नव्हता.

"मी देखं ना ते," मागून आवाज आला. धुरपदाबाई चाऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन उभी होती. "गणपती बुडनात, त्याना दुसरा दिन. बारीक जांभळं फूल उनं सतराले. तीन दिन व्हतं. मंग गयी गयं. आते बोंडं शेतस."

"तुम्ही आकडा ओळखता?" रोशनी.

"काबर नही? तुमन्या आधीपासून देखी ऱ्हायनू. काठी दिसनी का मी विळा थांबाडस. बठ्ठं गवत कापं, पन नानास्ना काठीजोडेनं एक पान नही कापं." तिने भारा खाली टेकवला आणि नानांकडे पाहिलं. "तुम्ही रोज मन्हाकडे भिईसन देखेत. माले वाटे, नाना इचारतीन. नही इचारं."

नानांचे कान लाल झाले. ज्या विळ्याला ते पाच महिने घाबरले, तो त्यांच्या काठ्यांना वळसा घालून जात होता. ते बघायला त्यांना भिंग लागलं नसतं. नुसतं मान वर करून बघायला हवं होतं.

"अक्का, पूर्ण नाव सांगा," ते म्हणाले.

"धुरपदाबाई झुलाल माळी."

नानांनी ते बाराव्या ओळीवर लिहिलं. सुंदर लिहिलं. माळीतली वेलांटी जरा जास्तच लांब गेली.

रोशनीने फॉर्म पाहिला. "अहो नाना, तुमचं राहिलं! थांबा, पुरवणी कागद जोडू."

नानांनी फॉर्मच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे मुंगीएवढ्या अक्षरात छापलं होतं: 'पुरवणी जोडू नये.' ते त्यांनी आधीच वाचलेलं होतं. मुंगीएवढी अक्षरं ते नेहमीच आधी वाचत.

"मी बोलते मंडळात," रोशनी म्हणाली.

"असू दे," नाना म्हणाले. एकदाच म्हणाले. धुरपदाबाई फॉर्मवरचं आपलं नाव बघत होती आणि 'ह्या कोनतं अक्षर?' असं सुनंदाबाईंना विचारत होती, तेव्हा दुसऱ्यांदा म्हणायची त्यांना गरज वाटली नाही.

मार्गशीर्षात पुस्तिका आली. दोन प्रती, पातळ, हिरव्या मुखपृष्ठाच्या. रोशनीने मंडळात सांगून पाहिलं असावं, कारण सोबत चिठ्ठी होती: 'नाना, नियमापुढे काही चाललं नाही, क्षमा करा.' नानांनी चिठ्ठीची घडी घातली. दोंडाईच्याची नोंद पान एकतीसवर होती. वीस रोपं, चोवीस आठवडे. त्यांची वाक्यं जशीच्या तशी छापली होती. केन्याचं फूल ऊन चढलं की मिटतं, हे त्यात होतं. सतरा नंबरसमोर धुरपदाबाईंचं जांभळं फूलही होतं. आणि खाली, निरीक्षक: बारा नावं.

योगेंद्रभाऊ तेवढ्यात आपली प्रत नाचवत आले. "नाना, बघितलंत? पहिलंच माझं! सौ. सुनंदा योगेंद्र चौधरी! आमच्या दीपनगरच्या सगळ्या मित्रांना पाठवलं."

"पण भाऊ, तुम्ही तर एकही रोप..."

"नाव आलं ना?" योगेंद्रभाऊ म्हणाले. "तुमचं कुठाय?"

सुलक्षणाबाई चष्मा लावून त्याच प्रश्नाचं उत्तर शोधत होत्या. बोट एकेक ओळ खाली आणत त्या सातव्या ओळीवर थांबल्या आणि मोठ्याने वाचलं, पहिल्या वर्गातल्या मुलीसारखं, प्रत्येक शब्द वेगळा: "सौ. सुलक्षणा... प्रेमराज... सोनवणे." मग त्यांनी वर पाहिलं. "अगं बाई. तुम्ही आहात की यात! मध्येच बसलाय."

नानांनी पुस्तिका हातात घेतली आणि खिडकीपाशी गेले. प्रेमराज. चार अक्षरं. दोन्ही बाजूंनी बायकोने आणि आडनावाने धरून ठेवलेली. छपाई स्वच्छ होती. 'प्रे'चा रकार सुटलेला नव्हता.

"पुढच्या वर्षी तुमचं वेगळं घालायला सांगू हं," सुलक्षणाबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "म्हणजे, ओळ शिल्लक राहिली तर."

आणि प्रेमराज नाना सोनवणे, ज्यांनी चौतीस वर्षं शांततेची पाटी पाळली होती, ते एवढ्या मोठ्याने हसले की योगेंद्रभाऊ दचकून एक पाऊल मागे सरले आणि समोरच्या घरातून दिपमाला काय झालं बघायला गॅलरीत आली.